सातावरचा आवाज

शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे, असं बायकोने सोमवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा मशीनवाले दिवाणखान्यात पालथे पडून अ‍ॅम्पच्या पाठीत फुंकर मारत होते. मागच्या जाळीत धूळ बसते, म्हणून दर सोमवारी ही फुंकर. ती त्यांनी अर्ध्यावर थांबवली.

"कसलं गिऱ्हाईक?"

"या खोक्याचं. आमच्या चित्रकलेच्या बाईंचा भाचा. गिटार वाजवतो म्हणे. बघेल आणि आवडलं तर उचलून नेईल."

"अगं, पण मला न विचारता?"

"आणताना तुम्ही मला विचारलं होतंत?"

मशीनवाल्यांनी उरलेली फुंकर पूर्ण केली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मशीनवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. ते कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करत. डॉक्टरीणबाई रुग्णाच्या कानात बत्ती घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "आता मशीनवाल्यांकडे जाऊन या." अठरा वर्षांत हे नाव इतकं मुरलं की सासुरवाडीहून फोन आला तरी पलीकडून "मशीनवाले आहेत का?" असंच विचारत. दिवसभर ते लोकांना बजावत, की मोठ्या आवाजापासून कान जपा. आणि संध्याकाळी घरी येऊन गिटार गळ्यात अडकवत आणि तिचा आवाज वाढवणारं हे खोकं सुरू करत.

अ‍ॅम्प जुन्या पद्धतीचा होता, आत रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. वजन तीस किलो. आता व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा स्वभाव असा, की आवाजाचं बटण दोनावर ठेवलं तर तो सरकारी पत्रासारखा कोरडा बोलतो. चारावर जरा घसा खाकरतो. सातावर मात्र व्हॉल्व्हना दम लागतो, सूर कडेकडेने फाटायला लागतो, आणि त्या फाटण्यात जो गोडवा असतो त्यासाठी माणसं संसार विसरतात. मशीनवाले आयुष्यभर त्या आवाजाच्या मागे होते. अडचण एवढीच, की सातावर खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कपाटातल्या बशा चालायला लागत.

"फाटका आवाज ऐकायला एवढं जड खोकं कशाला लागतं, ते मला अजून कळलेलं नाही," बायको म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती आणि अन्याय करायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने एक सवलतही दिली. "हे बघा, शनिवारपर्यंत तुम्ही ते कुणालाही त्रास न होता वाजवून दाखवा. कुणालाही म्हणजे एकालाही. मी स्वतः त्या भाच्याला नको म्हणून सांगते."

मंगळवारी मशीनवाल्यांनी अ‍ॅम्पवर दोन गाद्या टाकल्या. सातावर गाद्यांतून नुसती घुसमट ऐकू आली आणि थोड्या वेळाने कापूस भाजल्याचा वास. बुधवारी त्यांनी तो न्हाणीघरात नेला. न्हाणीघराची खिडकी जिन्यात उघडते हे त्यांच्या लक्षात होतं, पण जिन्यात कुणाच्या तरी हातातला दुधाचा कॅन सुटेल हे लक्षात नव्हतं. त्या संध्याकाळी जिना धुताना त्यांना एकदम आठवलं, की सबंध गावात आवाज बाहेर न जाणारी खोली एकच आहे आणि तिची किल्ली आपल्याच खिशात आहे.

कान तपासायची खोली म्हणजे कपाटाहून मोठी आणि न्हाणीघराहून लहान अशी एक पेटीच असते. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबर, आणि एक दुहेरी काचेची खिडकी. रुग्ण आत बसतो, हेडफोन लावतो आणि टूं असा आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबतो. मशीनवाले बाहेर बसून आवाज सोडतात. रुग्णाला काही बोलायचं असेल तर आत एक माईक असतो, तो बाहेर मशीनवाल्यांच्या हेडफोनमध्ये ऐकू येतो. म्हणजे अ‍ॅम्प आत, आपण बाहेर, मध्ये फक्त वायर, आणि सातावरचा आवाज कानांत हवा तेवढा. अठरा वर्षं त्या खोलीसमोर बसून हे सुचलं नाही, याचं मशीनवाल्यांना वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाई मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनला जात आणि दवाखाना एक ते चार बंद असे. मशीनवाल्यांनी अ‍ॅम्प गाडीतून उतरवला, दवाखान्याच्या चाकांच्या खुर्चीत बसवला आणि वर चादर घातली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अदबीने बाजूला होत विचारलं, "आजोबांना काय झालं?"

"वय झालं," मशीनवाले म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

सव्वा वाजता दार रबरावर घट्ट बसलं. मशीनवाल्यांनी वायरी जोडल्या, हेडफोन लावले, आधीच सातावर ठेवून आलेल्या अ‍ॅम्पला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पहिली तार छेडली.

तो आवाज आला. वीस वर्षांपूर्वी एकदाच एका मोकळ्या गोदामात आला होता, तोच. सूर निघाला, भरला, कडेने फाटला आणि फाटतच लांब गेला. मशीनवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले. आवाजाला धार थोडी कमी वाटली, म्हणून ते आत जाऊन ट्रेबलचं बटण दहावर करून आले. मग त्यांनी पाऊण तास डोळे उघडले नाहीत.

त्यांनी डोळे उघडले ते खांद्यावर हात पडला म्हणून. मागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं. त्यांच्या मागे शेजारचे दाताचे डॉक्टर होते, आणि त्यांनी उजव्या हाताचं एक बोट डाव्या मुठीत धरलं होतं. त्यांच्याही मागे गळ्यात कागदी रुमाल बांधलेला, अर्धा गाल सुजलेला एक गृहस्थ होता.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

मशीनवाल्यांनी हेडफोन काढले. "बाई, बाहेर आवाज येत नाहीये. बघा तुम्हीच. ही खोली बंद आहे."

"खोली बंद आहे," दाताचे डॉक्टर म्हणाले, "पण तिच्या पंख्याची नळी माझ्या छतातून जाते. खुर्चीच्या बरोब्बर वर तिचं तोंड आहे. एरवी नुसतं रुग्णांचं खोकणं येतं, त्याची मला सवय आहे. आज मी यांच्या दाढेत हात घालतो आणि वरून हे. यांना वाटलं मी यंत्र सुरू केलं."

"आणि मग?"

डॉक्टरांनी मूठ उघडून बोट दाखवलं. गृहस्थाने खाली मान घातली. "बधिर होतं हो," तो अर्ध्या तोंडाने म्हणाला. "मला कळलंच नाही काय चावलं ते."

"बाहेर तिघं जण बसले होते, ते चपला घालून गेले," दाताचे डॉक्टर म्हणाले. "एकाने तर तपासणी आधीच झालीय, असं खोटं सांगितलं. पंधरा वर्षं प्रॅक्टिस करतोय, पण असला कर्कश आवाज मी ऐकला नाही. आमचं दात कोरायचं यंत्र याच्यापुढे अंगाई म्हणेल."

मशीनवाले इतका वेळ ओशाळून ऐकत होते. पण या वाक्याने त्यांच्यातला वादक दुखावला. "कर्कश? डॉक्टर, काहीतरीच काय. उलट धार कमीच होती. मी ट्रेबल दहावर नेलं तरी थोडं दबकंच वाटत होतं."

"ट्रेबल म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वरचा, बारीक, धारदार आवाज."

"तो दहावर होता? आणि दहाच्या पुढे किती असतं?"

"पुढे काही नसतं, बाई."

बाईंनी चष्मा खाली केला आणि त्यांच्याकडे, रुग्णाकडे बघतात तसं बघितलं. मग हात खोलीकडे केला. "ते खोकं बाहेर काढा आणि तुम्ही आत बसा."

अठरा वर्षांत मशीनवाले त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. त्यांनी हेडफोन लावले, बटण हातात धरलं. खालचे आवाज आले, मधले आले. प्रत्येकाला त्यांनी तत्परतेने बटण दाबलं. मग शांतता झाली. काचेपलीकडे बाईंचं बोट मशीनवर होतं, दाताचे डॉक्टर वाकून बघत होते, सुजलेला गृहस्थही वाकून बघत होता. शांतता काही संपेना. शेवटी मशीनवाले आतल्या माईकमध्ये म्हणाले, "बाई, मशीन बंद पडलंय वाटतं."

हे वाक्य ते रोज चार रुग्णांच्या तोंडून ऐकत आणि रोज चारदा मनात हसत. आता ते बोलून झाल्यावर त्यांना काचेतून तिन्ही चेहरे दिसले, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो नेमका कुठे असतो, ते कळलं.

"वरचे आवाज गेलेत," बाहेर आल्यावर बाईंनी कागद पुढे केला. रेघ सरळ जात जात एकदम जिन्यावरून पडावी तशी पडली होती. "बरीच वर्षं झाली असतील. या खोक्याचीच कृपा. आता याला तीनाच्या वर न्यायचं नाही. आणि कानात मशीन घालायचं. नवीन मागवते, आठवडा लागेल. तोवर ड्रॉवरमधलं जुनं घाला."

"ते? बाई, ते तीन रुग्णांनी परत केलंय. जरा आवाज वाढला की त्यात फाटतं."

"आठवडाभर चालवा. लोकांना सांगता ना तुम्ही, हळूहळू सवय होईल म्हणून?"

चार वाजता आलेल्या स्वागतिकेने त्यांच्या कानामागचं ते बदामी रंगाचं मशीन बघितलं आणि म्हणाली, "आता खरे मशीनवाले झालात."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, बोटासकट. ती हसली नाही. तिने त्यांचा कान वळवून बघितला, बराच वेळ बघितला, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणून मी आतून बोलले की तुम्ही 'काय?' म्हणून विचारता. मला वाटायचं, मुद्दाम करता." तिला खरंच वाईट वाटलं होतं. त्या रात्री जेवताना तिने दोनदा त्यांच्या ताटात न मागता वाढलं. पण अ‍ॅम्पच्या बाबतीत ती हलली नाही. "अट म्हणजे अट. एकालाही त्रास नको म्हटलं होतं, तुम्ही एकाला चावायला लावलंत. आणि आता तर तुमच्या कानासाठीच ते जायला हवं."

शुक्रवारी मशीनवाल्यांनी अ‍ॅम्प ओल्या फडक्याने पुसला, पितळी कोपरे चमकवले आणि वायर नीट गुंडाळून ठेवली. मुलगी सासरी पाठवताना बाप करतो तसली कामं ते करत राहिले, बायको दारातून बघून परत गेली.

शनिवारी भाचा आला. उंच, हसरा, सोबत कुणी नाही. बायकोने त्याला बसवलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. "वाजवून दाखवता का काका?" भाचा म्हणाला. "मी गिटार नाही आणली."

मशीनवाल्यांनी गिटार घेतली. खाली आजी होत्या, जिन्यात शेजारी होते, कानात बाईंचा हुकूम होता. त्यांनी बटण एकावर ठेवलं, कान जरा अ‍ॅम्पकडे झुकवला, आणि निरोपाची म्हणून एक तार छेडली.

कानातलं जुनं मशीन त्या आवाजाने दमलं. सूर निघाला, भरला, कडेने फाटला आणि फाटतच लांब गेला.

मशीनवाल्यांनी दुसरी तार छेडली. तिसरी. मग ते थांबलेच नाहीत. गोदामातला आवाज होता, धारेसकट होता, आणि सबंध त्यांच्या एका कानात होता. भाचा पहिल्यांदा मान डोलवत होता, मग नुसता बसला, मग त्याने घड्याळ बघितलं. त्याला समोर एक वयस्क माणूस डोळे मिटून, ओठ चावून, टिंग टिंग करताना दिसत होता.

"काका," शेवटी तो म्हणाला, "हा जरा फाटतो, असं मावशी म्हणाली होती."

"फाटतोय की," मशीनवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

भाचा सभ्य होता. त्याने चहाची वाट बघितली नाही. घरी विचारून कळवतो म्हणाला, पायांत चपला सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

बायको ट्रे घेऊन बाहेर आली. "हे काय, गेला? वाजवून तरी दाखवायचं होतंत."

"वीस मिनिटं वाजवतोय."

ती ट्रे हातात धरून उभी राहिली. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. "मला काहीच ऐकू आलं नाही."

"मग, कुणाला त्रास झाला?"

बायकोने खाली, म्हणजे आजींच्या दिशेने कान दिला. एकही बशी हलली नव्हती. तिने ट्रे ठेवला, भाच्याचा कप स्वतःकडे ओढला आणि चहा पिऊन टाकला. ती शिक्षिका होती, दिलेले गुण परत घ्यायची तिची रीत नव्हती. मग ती आत गेली आणि तिला गॅसवरचं दूध दिसलं.

"अहो, दूध उतू गेलं. फडकं आणा."

वर्गात साठ मुलं असल्यामुळे बायकोचा आवाज मुळातच भरदार होता. आज तो स्वयंपाकघरातून निघाला, कानातल्या मशीनमध्ये शिरला आणि शेवटच्या अक्षराला असा काही कडेने फाटला, की मशीनवाल्यांनी हातातली तार सोडून दिली. ते फडकं न घेता दारात जाऊन उभे राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पुन्हा एकदा म्हण."

"काय?"

"तेच. दूध उतू गेलं. मघाशी म्हणालीस तसंच, मोठ्याने. फार सुंदर आलं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हळू बोल, असंच ती आजवर ऐकत आली होती. तिने ओट्यावरचं दूध तसंच वाहू दिलं, पदर नीट केला आणि पुन्हा एकदा म्हटलं.

तिसऱ्यांदा तिने न सांगताच म्हटलं, आणि तेवढ्यात खाली आजींच्या बशा वाजल्या.