धुतलेला कचरा

पराग पुराणिक इंदूरहून परतला तेव्हा त्याच्या व्हरांड्यातला कचरा धुऊन, पुसून, रांगेत मांडून ठेवलेला होता.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही आनंदाची गोष्ट ठरली असती. परागचं पोट मात्र कचऱ्यावर चालत होतं. कारखान्यातला कचरा वेगळा कसा करावा, त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं, हा सल्ला देणं हा त्याचा धंदा. मक्सी रोडवर पोरवालांचा पॅकिंगचा कारखाना होता. त्यांना परागने एक यंत्र सुचवलं होतं. कॅमेऱ्याने कचरा ओळखायचा आणि हवेच्या झोताने ज्याच्या त्याच्या डब्यात उडवायचा. पोरवाल म्हणाले होते, आधी आमच्याच कचऱ्यावर चालवून दाखवा. त्यामुळे यंत्र बडोद्याहून ट्रकवर चढून निघालं होतं आणि परागने कारखान्याच्या सगळ्या पाळ्यांतून थोडा थोडा कचरा जमवून चार पोती माधव नगरातल्या आपल्या घरी आणून ठेवली होती. कारखान्यात ठेवली असती तर कुणीतरी कचरा समजून फेकली असती.

घरी तो धोका नव्हता. घरी जयूआत्या होती.

जयूआत्या ग्वाल्हेरहून महाकालच्या दर्शनाला आली होती. दर्शन पहिल्याच दिवशी झालं आणि पुढचे दिवस तिच्या अंगावर आले. घरातले डबे लावून झाले, माळा झाडून झाला, मग तिची नजर पोत्यांवर गेली.

"ये," ती म्हणाली. "बघ, सगळं छांटून, वेगवेगळं करून ठेवलंय. ही प्लास्टिकची पन्नी, हे ढक्कन, रंगारंगाप्रमाणे. चांदीवाली पन्नी दोरीवर वाळतेय."

कपड्यांच्या दोरीवर चकचकीत पट्ट्या चिमट्यांना लटकत होत्या. मधेच परागचा एक मोजा होता.

"आणि गत्ता? पुठ्ठ्याचे तुकडे?" परागने विचारलं.

"तो कचऱ्याच्या गाडीवाल्याला देऊन टाकला. भिजला होता."

"लोखंडी पट्ट्या?"

"त्याही. कुणाचा हात कापला असता."

परागने बायकोकडे पाहिलं. मधुरा दारातच उभी होती.

"मी सांगितलं होतं त्यांना, हात लावू नका म्हणून," ती म्हणाली. "तर म्हणाल्या, पराग संकोची आहे, मदत लागली तरी तोंडाने सांगायचा नाही."

आत्याच्या बोटांना पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या. त्या बोटांकडे पाहून परागला रागावता येईना. तो खुर्चीवर बसला.

"आत्या, मला तो मिसळलेलाच हवा होता."

"का?"

"उद्या एक यंत्र तो वेगळा करणार आहे."

"मग आता ते यंत्र काय करेल?" तिने विचारलं.

तेच परागला कळत नव्हतं. डेमो पुढे ढकलावा तर ट्रक देवासपर्यंत पोचला होता. शेवटी त्याने अंगणात जुनी चादर अंथरली आणि ढक्कन, पन्नी, दोरीवरच्या चकचकीत पट्ट्या सगळं त्यावर ओतून दोन्ही हातांनी कालवायला घेतलं. पण धुतलेला कचरा कितीही कालवला तरी कचऱ्यासारखा दिसेना. मधुराने चहाचा चोथा आणून दिला. परागने स्कूटरचं थोडं ऑइल शिंपडलं. आत्याला हे बघवत नव्हतं, पण भाच्याचं काम म्हणून तीही कालवायला बसली. थोड्या वेळाने परागच्या लक्षात आलं, की तिच्यासमोर निळ्या ढक्कनांचा वेगळा ढीग झाला आहे.

"आत्या."

"हो रे, हात आपोआप जातो," असं म्हणून ती लांब जाऊन बसली.

फाटकाशी दत्तात्रयकाका उभे होते. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत, हे परागने प्रत्येक सभेत सांगून सांगून काकांच्या घरी बादल्यांची संख्या चारवर नेली होती.

"मिसळतोयस?" काकांनी विचारलं.

"काका, हे वेगळं आहे."

"आम्हालाही तसंच वाटायचं," काका म्हणाले आणि मोबाइलवर एक फोटो काढून निघून गेले.

दिवेलागणीपर्यंत फोटो कॉलनीच्या ग्रुपवर फिरला होता. परागला मिसळलेला कचरा हवा आहे, एवढाच अर्थ लोकांनी घेतला आणि तो सगळ्यांना सोयीचा होता. समोरच्या उषाताई स्वतः बादली घेऊन आल्या. कुणी फाटकाशी पिशवी ठेवून गेलं. काकांनी नारळाच्या करवंट्या पाठवल्या. एकदा परतही पाठवाव्या असं परागच्या मनात आलं, पण गत्ता आणि लोखंड गेल्यामुळे पोती अर्धी झाली होती. त्याने डोळे मिटले आणि सगळं भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोरवालांच्या शेडमध्ये यंत्र उभं राहिलं. बडोद्याच्या कंपनीचा इंजिनीअर रुचिर याने बटण दाबलं. पट्टा फिरला, हवेचे फुसकारे सुटले, कचरा डब्यांत उडू लागला. तिघेही पडद्याकडे बघत होते. पडद्यावर आकडा आला. अठ्ठ्याण्णव टक्के.

पोरवालांनी मान डोलावली. "पक्का. ऑर्डर लिख लो, भाईसाब."

परागच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सौदा होता. पण महिनाभराने याच पट्ट्यावर खरा, तेलकट कचरा येईल, यंत्र त्याला ओळखणार नाही आणि मक्सी रोडपासून राम घाटापर्यंत सगळे परागला नावं ठेवतील, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"शेठजी, एक बात बतानी है," तो म्हणाला. "ये कचरा मेरी बुआजी ने धो दिया था. और थोड़ा हमारी कॉलनी का है."

पोरवालांनी चष्मा काढून पुसला.

"अब आपने कह ही दिया है," ते हळूच म्हणाले, "तो जो आप ले गए थे, वो भी असली नहीं था. मैंने लड़कों से कहा था, बाहर के साब आ रहे हैं, ज़रा साफ़-सुथरा कचरा देना."

दोघांनी रुचिरकडे पाहिलं. तसं कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

"सर, कॅमेरा रस्त्यातच बंद पडलाय," रुचिर म्हणाला. "अठ्ठ्याण्णव डेमो मोडमध्ये येतंच."

मग पहिल्यांदाच तिघांनी डब्यांत वाकून पाहिलं. चांदीच्या पन्नीच्या डब्यात दत्तात्रयकाकांची एक करवंटी बसली होती आणि तिच्यात झेंडूचं फूल.

रुचिरने पेचकस काढला, कॅमेरा उघडून चालू केला आणि डेमो मोड बंद केला. पोरवालांनी शेडच्या मागचा खरा कचरा आणवला. त्यात ग्रीस होतं, शेवेची पाकिटं होती, पोह्यांचे कागद होते, कुणाची तरी चप्पल होती. यंत्र दोनदा अडकलं, एकदा चप्पल थेट पोरवालांच्या पायाशी आली. शेवटी पडद्यावर आकडा आला. एक्केचाळीस.

पोरवालांनी पडद्याजवळ जाऊन आकडा वाचला.

"इकतालीस," ते म्हणाले. "इस पर भरोसा कर सकते हैं."

यंत्र ठेवून घ्यायचं, आकडा वाढेपर्यंत परागने रोज यायचं आणि पैसे त्या हिशेबाने, असं ठरलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. मधुरा हसली. आत्या हसली नाही. तिला काळजी वाटत होती.

"शंभरातले एक्केचाळीसच झाले?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे एकोणसाठ अजून बाकी आहेत," आत्या म्हणाली आणि मधुराकडे वळली. "परवाचं माझं ग्वाल्हेरचं तिकीट कॅन्सल करून टाक गं."