टेपमधली बाई

यंत्र कुठलंही असो, दाक्षायणीच्या हातात आलं की ते गुमान वागतं, असं तिचं ठाम मत होतं! शाळेत असताना घरातला खरखरणारा जुना रेडिओ तिनंच थापट्या मारून वठणीवर आणला. पुढं ट्रान्झिस्टरचे सेल बदलायचा मान तिचाच. आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अप्पांनी टेपरेकॉर्डर आणला, तर त्याच्याही कळा आधी तिनंच दाबल्या.

अप्पा म्हणजे तिचे वडील सिद्धप्पा, टॉवेलचे माग चालवणारे. त्यांनी नेमकं परीक्षेच्या तोंडावर मंद्रूप गावचं स्थळ आणलं.

"डिग्री हातात आल्याबिगर लग्न करणार न्हाय," दाक्षायणी म्हणाली.

"शिकू देतो म्हणालेत की."

"तोंडावर म्हणालेत. पाठीमागं काय म्हणतात ते ऐकवते तुमाला."

रीत अशी, की मुलगी बघून झाली की घरच्यांनी आत जायचं आणि पाहुण्यांनी आपसांत विचार करायचा. दाक्षायणीनं बैठकीतल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यामागं टेप चालू करून ठेवला. मुलाची आई गंगम्मा आणि मुलगा शिवपुत्र मनसोक्त बोलले. मग ती चहा घेऊन आली, मागोमाग अप्पा आणि अव्वा, म्हणजे तिची आईही आली. कप देऊन होताच तिनं टेप काढून सगळ्यांसमोर मांडला, मागं फिरवला आणि कळ दाबली.

"लग्न झालं की कॉलेज बंद," टेपमधून आवाज आला. "पुस्तकात तोंड घालून बसली तर भाकऱ्या कोण थापणार?"

आता कुठं तोंड लपवतात बघू, म्हणून दाक्षायणी टेप थांबवून गंगम्मांकडे टक लावून राहिली. गंगम्मांनी बशी खाली ठेवली आणि समाधानानं मान डोलावली.

"बग शिवपुत्रा, मी म्हणले तेच रेडिओतली बाईबी सांगती. सरकारी बाई खोटं कशाला बोलंल?"

"मावशी, हा रेडिओ न्हाय. तुमचाच आवाज हाय."

"माजा? माजा आवाज असा घोगरा? मी भजनाला बसले की सगळं मंद्रूप गप हुतंय."

शिवपुत्र चहाचा घोट घेत म्हणाला, "अव्वा, असाच हाय की तुजा आवाज."

तिथंच सगळं बिनसलं! गंगम्मांनी आधी लेकाला कन्नडमधून धुतलं, मग टेपला मराठीतून. चोरून ऐकलं याचं त्यांना काहीच वाटलं नाही, आवाज नासवला याचं वाटलं. "असलं यंत्र ज्या घरात, तितली पोरगी आमाला नको," म्हणत त्या चपला घालून निघाल्याच. लेक अर्धा चहा सोडून मागून पळाला.

"कॉलेज बंद म्हणाली खरं ती," अप्पा पुटपुटले. "जा. परीक्षा दे आधी."

दाक्षायणी ताठ मानेनं उभी राहिली. जिंकली होती ती, आणि ते लपवायचं तिला काही कारण दिसेना. तेवढ्यात अव्वानं, रत्नम्मानं, सहज कळ दाबली. टेप पुढं चालू झाला.

"चहा घ्या की," एक किनरा, नाकातला आवाज केकाटला.

दाक्षायणीनं तोंड वाकडं केलं. "ही कोण आणि?"

"तू," अव्वा म्हणाली.

दाक्षायणीनं मागं फिरवून पुन्हा ऐकलं. मग टेपचं झाकण उघडून आत फुंकर मारली.

"मावशींचं बरोबर होतं," ती म्हणाली. "यंत्रच बिघडलंय."