गाडी आम्हाला बघायला आली

कराडात जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हणजे ती आधी आपल्या घरी येऊन आपल्याला बघते, आणि आपण पसंत पडलो तरच मिळते. पेट्रोलच्या गाड्या बिचाऱ्या कुणाच्याही दारात जाऊन उभ्या राहतात. इलेक्ट्रिकचं तसं नाही. तिच्या होकाराशिवाय आरटीओत नाव बदलत नाही, आणि माझं विचाराल तर तेच बरोबर आहे.

मला ती गाडी हवीच होती. आमच्या पतसंस्थेने मला पाटण शाखेची मॅनेजर केलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. शाळेत असताना जांभळीवरून पडले, तेव्हापासून माझ्या डाव्या पायात रॉड आहे. एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, क्लच दाबवत नाही. इलेक्ट्रिक गाडीला क्लचच नसतो आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. ही गाडी नाही मिळाली तर मॅनेजरची खुर्ची त्याच शाखेतल्या घाडग्यांना जाणार होती, आणि घाडग्यांना जेवणानंतर कधी कुणी जागं बघितलेलं नाही. नुसत्या विचारानेच माझं डोकं फिरत होतं.

रविवारी सकाळी गाडी आली. पांढरी, मध्यम बांध्याची. मागच्या सीटवर तिचे मालक मगदूम सर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, हात मांडीवर ठेवून बसले होते. बघायला जाताना मालकाने स्टिअरिंगला हात लावायचा नसतो. आम्ही सरांना ओसरीवर बसवून पोहे दिले आणि गाडीला गीझरच्या प्लगवरून वायर ओढून दिली.

"अर्धंच द्या," गाडी म्हणाली. "घरून निघतानाच घेतलंय."

"असं कसं? पहिल्यांदाच आलीस," आमचे हे म्हणाले. माझे यजमान, दिगंबर थोरवडे. पाहुण्यांना आग्रह करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

मग रीतीप्रमाणे गाडीने स्वतःची दुखणी सांगितली. मालकाने मध्ये बोलायचं नसतं. "बॅटरी एकदा बदलली. चार्जिंगचं तोंड दोनदा. एका पावसाळ्यात पोटात पाणी गेलं, तेव्हा गॅरेजात महिनाभर होते. काय झालंय ते कुणालाच कळेना, नुसतं निरीक्षण! डावा पुढचा ॲक्सल मूळचा नाही. बाकी छान आहे. गाणी ऐकायला आवडतात."

"माहेर कुठलं गं?" सोनाआत्यांनी विचारलं. सोनाआत्या म्हणजे यांची आत्या, यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं. बघण्याचे कार्यक्रम म्हणजे त्यांचा प्राण. अख्ख्या भावकीतली लग्नं त्यांनीच जमवली.

"चाकण."

"म्हणजे चांगल्या घरातली आहे," आत्या आम्हाला म्हणाल्या. आणि मग गाडीकडे वळून, अगदी सवयीने, "जरा चालून दाखव बघू पोरी."

झालं! हेच वाक्य, याच सुरात, माझ्या माहेरच्या ओसरीवर आत्यांनी मला म्हटलं होतं. मी चालले होते. सगळ्यांनी बघितलं होतं. आमच्या ह्यांनी होकार दिला, संसार झाला, पण ते वाक्य मी आजतागायत गिळलेलं नाही. आणि आज त्याच तोंडाने, गाडीला दुखवून, आत्या माझी बढतीही घालवायला निघाल्या होत्या.

गाडीने वायपर एकदा फिरवले.

"चालते की," ती शांतपणे म्हणाली. "पण आधी तुम्ही."

"मी?"

"सगळेच. रोज तुम्हालाच न्यायचंय ना मला? मग कोण कसं चालतं, ते मला कळायला नको का?"

मगदूम सरांनी मान डोलावली. म्हणणं रास्त होतं.

आधी आमचे हे उठले. फाटकापर्यंत गेले आणि वळताना कळवळले. शर्टाखाली कमरेचा पट्टा निघाला, मला पत्ता नव्हता! मग सर चालले. मध्ये थांबून छातीवर हात ठेवून म्हणाले, "पेसमेकर आहे. माझीही बॅटरी एकदा बदललीय." गाडीने त्यांच्याकडे इतक्या मायेने लाइट लावले, की मला भरून आलं.

मग आत्या. दोन्ही गुडघे नवे घालून वर्ष झालं होतं आणि डॉक्टर रोज चाला म्हणून कंठशोष करत होते, पण बाई खुर्ची सोडत नव्हत्या. आज उठल्या. एका हाताने भिंत धरून, ओठ आवळून, फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. आम्ही सगळे बघत होतो. परत येईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

शेवटी मी. पदर खोचला आणि चालले, नेहमीसारखी, डावीकडे झुकत.

"पाय मूळचा नाही का?" गाडीने विचारलं.

"पाय मूळचा आहे. आतला रॉड नंतरचा."

"बरं," म्हणाली, आणि वायर काढायला सांगून स्वतः चालली. फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. थोडी डावीकडे ओढत होती.

"अगंबाई," आत्या म्हणाल्या, "ही तर आपल्या वैजूसारखीच चालते!"

"मला घर पसंत आहे," गाडी म्हणाली.

सरांनी डोळे पुसले आणि पोहे आणखी मागितले. ह्यांनी पेढे आणायला धाव घेतली, म्हणजे पट्ट्यासकट जमेल तेवढी. आत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"वैजू, तेव्हा तुला बघायला आले होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हाही आधी मीच चालून दाखवायला हवं होतं गं."

"आज दाखवलंत ना," मी म्हणाले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सोमवारी मी पाटणला वेळेत हजर झाले. घाडगे अभिनंदन करून झोपायला गेले. तेव्हापासून रोज सकाळी मी गाडीत बसते, गाडी सुरू होते, पण जागची हलत नाही. सोनाआत्या पदर सावरत पायऱ्या उतरतात, फाटकापर्यंत चालून दाखवतात आणि फाटक उघडून बाजूला होतात. मग आम्ही दोघी निघतो.