सरहद्दीच्या गढीवरचा कैदी

श्यामसुंदर नाबरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि ते अगदी योग्य केलं अशी माझी खात्री होती. खाडीकाठच्या जुन्या गढीवर त्यांचं मंडळ 'जिवंत इतिहास मेळावा' भरवणार होतं. एकेकाळी या गढीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. त्या सरहद्दीवर निवृत्त ग्रंथपाल म्हणून मी दहा मिनिटं बोलावं, अशी त्यांची विनंती. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. नकार लिहायला बसलो, तर 'दिलगीर आहे' फार कोरडं वाटे आणि 'क्षमस्व' फार ओशाळवाणं. शेवटी ठरवलं, उत्तरच न देणं हा सर्वांत सभ्य नकार.

मेळाव्याला मात्र सहकुटुंब गेलो. मागे उभं राहून मनातल्या मनात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात अख्ख्या गोरेगावात मला तोड नाही.

गढीच्या दाराशीच भलामोठा फ्लेक्स. 'प्रमुख वक्ते: थोर इतिहासतज्ज्ञ नंदकुमार सबनीस.'

"आजोबा, हे तुम्ही?" नऊ वर्षांच्या नातीने, गंधालीने, विचारलं.

"या नावाचे पुष्कळ असतात गं."

"मी वर्गात सांगितलंय, माझ्या आजोबांना या गढीचं सगळं येतं. तुम्ही बोलणार असतात तर मी पहिल्या रांगेत बसले असते."

एवढं बोलून ती मुकुलचा, म्हणजे तिच्या बापाचा, हात धरून पुढे गेली.

"नाही म्हणून कळवलं नव्हतं?" बायकोने, मृणालिनीने, हळूच विचारलं.

"न कळवणं हाच नकार."

"अहो, आपल्याकडे न कळवणं म्हणजे होकार. आपलं लग्न ठरताना तुम्ही तरी कुठे काही बोलला होतात?"

आत शिरायला 'जकात चौकी' पार करावी लागत होती. दोन शिपाई. अंगरखे पडद्याच्या कापडाचे, पायांत स्पोर्ट्स शूज, एकाच्या फेट्याला किमतीची चिठ्ठी लोंबतेय. बंदूक म्हणजे काळा रंग दिलेला नळाचा पाइप. येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव आणि काम विचारत.

"मुकुल, भाज्यांचा व्यापारी," मुलाने ठोकून दिलं. सोडला.

"रेवती, मीठ विकते," सूनबाई म्हणाली. सोडली.

"तुझं नाव काय, म्हाताऱ्या?"

खरं नाव सांगावं तर शेजारी गंधाली, आणि मग थेट स्टेज. खोटं सांगावं तर ऐनवेळी एक नाव आठवेना. आयुष्य पुस्तकांच्या कपाटांत गेलं आणि एक नाव आठवेना!

"बोलत नाही? हेर आहे हा. टाका कोठडीत."

कोठडी बांबूंची होती. मागे भिंत, बसायला दगड, आणि भाषण मागायला कुणी नाही. मुंबईत इतकी मोकळी जागा मला प्रथमच मिळाली.

तिथून इतिहास छान दिसत होता. पोर्तुगीज कप्तान वडापाव खात होता. एक इंग्रज सोल्जर तलवारीने बायकोच्या वाढदिवसाचा केक कापत होता. थर्माकोलच्या तोफेवर कोपर टेकून एक गृहस्थ फोटोला उभे राहिले आणि तोफेसकट आडवे झाले. तोफ पुन्हा उभी केली, तीही पार्किंगच्या दिशेने.

"अरे, शत्रू खाडीपलीकडे होता, पार्किंगमध्ये नव्हे," मी पुटपुटलो.

"हा कैदी भारी आहे यार," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "तोंड बघ ना, खराच वैतागलाय."

"गोरेगावच्या स्टुडिओतून आणला असणार."

मी नट आहे म्हटल्यावर माझी भीती कुठे गेली कोण जाणे. "खाडी का महत्त्वाची होती, काका?" एकीने विचारलं आणि मी सांगत सुटलो. होड्या, मीठ, जकात, चोरटा माल. गर्दी वाढत गेली. बांबूंना नाक लावून, सर्वांत पुढे, गंधाली.

तेवढ्यात कर्णा कडाडला. "प्रमुख वक्ते सबनीस आलेले नाहीत. साधं पत्राचं उत्तरही नाही. विद्वान माणसं ही! त्यांची शाल आणि नारळ आपण आपल्या गुणी कैद्याला देऊ."

नाबर स्वतः आले. शाल बांबूंतून आत आली. पॉलिएस्टरची होती. नारळ मात्र मधेच अडकला, आत येईना की बाहेर जाईना.

"कैदीसाहेब, आपलं नाव?"

जीभ पुन्हा टाळूला. गंधालीने माझ्याकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे, मग परत माझ्याकडे.

"कैद्याला नाव नसतं, काका," ती नाबरांना म्हणाली. "नंबर असतो."

परतताना रिक्षात तिने माझी शाल पांघरून घेतली.

"आजोबा, तो दुसरा सबनीस किती भित्रा असेल ना?"

"फार," मी म्हणालो.

"पण आपला कैदी झकास होता."

दुसऱ्या दिवशी नाबरांना उत्तर लिहिलं. एकही शब्द अडला नाही. 'आपले पत्र पावले. येणे जमले नाही. आपला कैदी उत्तम बोलला असे ऐकतो. पुढील वर्षीही त्यालाच बोलवावे, आणि तोफ खाडीकडे फिरवावी.' खाली सही. अलिप्त, सभ्य, कुठेही न अडकणारं पत्र. लाल पेटीत टाकलं आणि ताठ मानेने घराकडे वळलो.

कोपऱ्यावर येईपर्यंत मान ताठ होती. मग सहीखालचा ताजा कलम आठवला: 'नारळ बांबूंतच राहिला आहे. तो मिळाल्यास आभारी होईन.'