फुकट सॉफ्टवेअर आणि जाड बुडाचं पातेलं

तोंडी खोटं बोलणं मला जमत नाही. लेखी मात्र मी पट्टीचा खोटारडा आहे. उभा जन्म कचेरीच्या आवक-जावक विभागात गेला आणि 'सर्व ठीक आहे' या एका वाक्यावर मी पेन्शनपर्यंत पोचलो. म्हणून बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे राहायला गेली, तेव्हा मी ठरवलं, की रोज फोनवर त-त-प-प करण्यापेक्षा आपण एक वेबपान काढावं. इकडची खबरबात मी त्यावर लिहायची, तिनं तिकडे वाचायची. फोनवर फक्त 'बाळ कसं आहे' आणि 'जेवलात का' एवढंच.

निघताना ती दारात थांबून म्हणाली होती, "एकट्याला नाही जमलं तर सांगा, मी येते. नाहीतर बाळ रांगायला लागेपर्यंत राहीन म्हणते."

"न जमायला काय झालं," मी म्हणालो. (हे एक खोटं तोंडी जमलं, कारण गाडीवाला हॉर्न वाजवत होता.)

तसं पाहिलं तर मुलीला आई हवी होती आणि मला बायको. पण मुलीकडे नवं कोरं बाळ होतं. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

तर वेबपान. ते बनवायचं सॉफ्टवेअर विकतचं होतं, पण जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांसाठी मोफत'. मोफत हा शब्द दिसला की माझी बुद्धी रजेवर जाते. मी तडक तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ओळखपत्र मिळालं. वर माझं टक्कल, खाली 'विद्यार्थी'. ते दाखवताच सॉफ्टवेअर फुकट मिळालं. (वर्गाची फी सॉफ्टवेअरच्या किमतीहून जास्त होती, हे पहिल्या तासाला बाकावर बसल्यावर लक्षात आलं. मी कुणाजवळ बोललो नाही. बोलायला होतंच कोण म्हणा.)

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीहून लहान होत्या. वर्गातली पोरं कानांत काहीतरी खुपसून बसायची आणि माझ्याशी "काका, जरा सरकता का" इतकंच बोलायची. मी सरकायचो. तेवढंच कुणी हाक मारल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी मॅडमनी 'हिडन' शिकवलं. परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅगमध्ये हा एक शब्द घातला, की परिच्छेद पानावर असतो पण कुणाला दिसत नाही. मला फार पटलं. आमच्या घरात संसार याच पद्धतीनं चालत आलाय.

"सरावासाठी मनात येईल ते लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणि पान एकाच ब्राउझरमध्ये पाहून खूश होऊ नका. विद्यार्थ्यांना ते तपासायचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय ना? आपलं पान वीस ब्राउझरांत कसं दिसतं ते त्यात कळतं."

माझं पान वाचणारी बायको एक. तिला वीस ब्राउझर कशाला? माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं. विषय संपला.

मग मी रोज लिहू लागलो. वर ठळक अक्षरांत 'सर्व ठीक आहे. झाडांना पाणी घातलं.' आणि खाली, सरावासाठी हं, एक हिडन परिच्छेद. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज पुन्हा दोघांचा भात टाकला.' दुसऱ्या दिवशी, 'रेडिओ दिवसभर चालू ठेवतो, बाजारभावसुद्धा. निदान कुणीतरी बोलतं.' लिहून झालं की बटण दाबायचं आणि ते माझ्याच डोळ्यांदेखत गुडूप व्हायचं. बरं वाटायचं.

आणि बायको फोनवर काहीच्या बाही बोलू लागली.

"अहो, कपाटात लहान वाटी आहे. तांदूळ त्या वाटीनं घेत जा."

"का?"

"सहज."

पुढच्या फोनला म्हणाली, "रेडिओ ऐकता तर जरा गाण्यांचं लावा. बाजारभाव ऐकून काय करणार आहात?"

मी बाजारभावच ऐकत होतो.

त्यानंतर बटाटे उकडायला ठेवून मी खिडकीत उभा राहिलो आणि समोरच्या घरातली माणसं एकत्र जेवताना पाहत बसलो. धूर झाला तेव्हा भानावर आलो. पातेलं बायकोचं लाडकं, जाड बुडाचं, तिच्या आईनं दिलेलं. बूड कोळसा झालं होतं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि हिडन परिच्छेदात सगळं मोकळेपणानं कबूल केलं. शेवटी एक ओळ आपोआप लिहिली गेली, 'तू नसलीस की घर खायला उठतं.'

दुसऱ्या दिवशी फोन. "पातेलं माळ्यावरून काढा आणि कोमट पाण्यात भिजत घाला. लपवून काळं निघत नाही."

घरात कुणीतरी फितूर होतं. घरात मी एकटाच असल्यानं संशय शेजारच्या वहिनींवर गेला. त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते.

"वहिनी, स्पष्ट विचारतो. तुम्ही आमच्या माळ्यावर चढला होतात का?"

"भाऊजी, मला माझ्याच घरच्या पायऱ्या चढवत नाहीत."

"मग पातेल्याचं कुणी सांगितलं?"

"कसलं पातेलं?"

"तेच. जे तुम्हाला चांगलं माहीत आहे."

वहिनींनी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं. सकाळी 'काय भाऊजी' म्हणणारं तेवढं एक माणूस होतं, तेही गेलं. त्या दिवशी मी पडदे ओढून बसलो. कोण पाहतंय म्हणून ओढले होते. थोड्या वेळानं कळलं की कुणीच पाहत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी वर्गात मॅडम म्हणाल्या, "जुने ब्राउझर नवे शब्द ओळखत नाहीत. जे कळत नाही ते सोडून देतात आणि बाकीचं सगळं दाखवून मोकळे होतात. कुणाचं पान घेऊ? काका, तुमचं घेते."

मी ऐटीत मान डोलावली. माझं पान भिंतीवर आलं. 'सर्व ठीक आहे.' मग मॅडमनी जुना ब्राउझर निवडला आणि 'सर्व ठीक आहे'च्या खाली माझा सगळा संसार पसरला. दोघांचा भात, रेडिओ, पातेलं आणि ती शेवटची ओळ, भिंतीएवढी.

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग बहुधा खालपर्यंत वाचून झालं, कारण हसणं थांबलं. ते थांबलेलं मला जास्त झोंबलं. एका पोरानं कानातलं काढलं आणि न सांगता माझ्यासाठी सरकून जागा केली.

मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला. हळूच म्हणाल्या, "काका, हे वाचतं कोण?"

"बायको. मुलीच्या स्वयंपाकघरात एक कॉम्प्युटर आहे, जावयाच्या ऑफिसनं टाकून दिलेला."

"किती जुना?"

"माझ्यासारखाच पेन्शनीत निघालेला."

"मग त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं दिसतंय."

घरी आल्या आल्या फोन लावला. "तू माझ्या पानावर काय काय वाचलंस?"

"लिहिलंत ते."

"सर्व ठीक आहे, एवढंच ना?"

"त्याच्या खालचंही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं. आणि रविवारी येतेय. हिच्या सासूबाई आल्यात, पंधरा दिवस त्या बघतील."

"माझ्यासाठी येतेस?"

"पातेल्यासाठी," ती म्हणाली.

ती येण्याआधी मी वहिनींची माफी मागून किल्ली परत दिली. त्यांनी ती घेतली, पण माळ्याचा विषय आता गल्लीभर झाला आहे.

रविवारी ती आली आणि चप्पल काढून सरळ मोरीत पातेल्यापाशी बसली. मी आपला तंत्रशाळेच्या परीक्षेचा निकाल तिला दाखवला. नापास. शेरा होता, 'पान सर्व ब्राउझरांत सारखे दिसत नाही.' ती पदर तोंडाला लावून हसली.

"परत बसा परीक्षेला. तसंही ते जुनं धूड जावयानं भंगारात दिलं. नव्यावर तुमचं नुसतं 'सर्व ठीक' दिसतं. पंधरा दिवसांनी मी जाईन, तेव्हा यापुढे काय ते तोंडानं सांगत जा."

मी दार लागलंय का ते पाहिलं. रेडिओ बंद केला. दोनदा खाकरलो. लग्नानंतर इतका घाम मला प्रथमच फुटला होता.

"तू नसलीस की," मी म्हणालो, "घर खायला उठतं."

तिनं पातेलं उजेडात धरून बूड पाहिलं आणि पुन्हा घासायला घेतलं.

"हे वाचलंय मी," ती म्हणाली. "नवीन काही असेल तर सांगा."