टेबलावरचा पाचवा गडी

"डोळा माझा!" वेणीवाली ओरडली.

"काल पण तुझाच होता!" चष्मेवाल्याने तिचा हात ढकलला.

टेबलाच्या स्पर्शाने चालणाऱ्या काचेच्या पडद्यावर देवमाशाचे चित्र तुकडे होऊन पसरले होते. बोटाने तुकडे सरकवायचे आणि चौघांनी मिळून मासा पुरा करायचा, एवढाच खेळ. मुले मिळून कोडे कसे सोडवतात, हा ताईंच्या संशोधनाचा विषय. पण आठवडाभर 'मिळून' असे काही घडलेच नव्हते. चिमटे झाले, रडारड झाली, एकदा तर चावणेही झाले.

"आजही मारामारीच दिसली तर विषय बंद. टेबल परत पाठवू," असे सुनावून ताईंचे मार्गदर्शक सर शेजारच्या खोलीत काचेआड जाऊन बसले होते.

निरीक्षण करणाऱ्याने बोलायचे नाही, काही म्हणजे काही हलवायचे नाही, हा सरांचा नियम. ताई हात पाठीमागे बांधून टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. दातपडका काहीतरी पुटपुटला, ते ऐकायला त्या जरा पुढे वाकल्या.

तोच शेपटीचा तुकडा आपला आपण कोपऱ्याकडे सरकला.

"कोणी ओढला रे?"

"मी नाही. शपथ! हे बघ माझे दोन्ही हात."

चष्मेवाल्याने शेपूट परत जागेवर नेली. ती पुन्हा कोपऱ्याकडे गेली.

"इथे अजून कोणीतरी आहे," सगळ्यात लहान चिमणी हळूच म्हणाली.

"चोरटा आहे मेला!"

"चोरटा नाही गं. छोटा असेल. त्याला येत नसेल."

यावर चौघांनी डोकी एकत्र केली. आठवड्यात पहिल्यांदाच.

"सोप्पा तुकडा देऊ या त्याला. पाण्याचा दे, निळा."

निळा तुकडा कोपऱ्यात गेला आणि तिथे जरासा हलला. "घेतला! घेतला त्याने!" मग एकेकाने पाळीने खेळायचे ठरले. धक्काबुक्की बंद, कारण तो घाबरेल. शेवटी डोळा उरला. वेणीवालीने तो क्षणभर बोटाखाली धरला आणि कोपऱ्यात सरकवला.

"त्याला कोणी बघतच नाही ना," ती म्हणाली. "डोळा त्यालाच असू दे."

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. बक्षिसे, गाणी, रंगीत तारे, सगळे करून झाले होते. त्यातून जे उगवले नाही, ते आज समोर उभे होते. नीट पाहावे म्हणून त्या आणखी वाकल्या, आणि त्यांचे लक्ष खाली गेले. गळ्यातले ओळखपत्र लोंबकळत काचेला घासत होते. टेबलाला बोट काय नि कार्ड काय, सारखेच!

नियम मोडला होता. त्यांनी कार्ड मुठीत घट्ट धरले आणि त्या मागे सरकल्या.

डोळा कोपऱ्यातच राहिला. मासा आंधळा.

"मी लावू?" दातपडक्याने विचारले.

"थांब रे, त्याची पाळी आहे."

"दमला असेल."

"ये ना रे," चिमणी काचेवर वाकून म्हणाली. "आम्ही थांबलोय."

चौघेही हात मांडीवर ठेवून थांबले. कोणी हलेना. दार हळूच उघडले. सर आत आले.

"सर, चूक माझीच," ताई कुजबुजल्या. "माझं कार्ड…"

"श्श!"

निरीक्षण चालू असताना कोणाला खुर्चीसुद्धा सरकवू न देणारे सर चवड्यांवर चालत कोपऱ्यापाशी आले. दुखऱ्या कमरेवर हात ठेवून ते वाकले, वाकले, आणि त्यांच्या टायचे टोक अलगद डोळ्यावर टेकले.

डोळा निघाला तो थेट शेपटीवर जाऊन बसला.

"अरे, तिकडे नाही! वर, वर!"

"डावीकडे ये. हां, हळू."

"ओरडू नका रे त्याच्यावर, येतोय तो."

सरांची मान गोल फिरत होती, कपाळावर घाम आला होता. चौघे वाट दाखवत होते, पण एकानेही बोट पुढे केले नाही. डोळा जागेवर बसला. देवमाशाने पापणी मिटली, उघडली आणि तो सावकाश पोहू लागला. ताईंचे हात आपोआप जोडले गेले.

टाळ्या थांबल्यावर वेणीवालीने वळून सरांकडे रागाने पाहिले.

"काका, तुम्ही मधेमधे करू नका हं. त्याचं त्याला जमत होतं."

"चुकलं," सर म्हणाले.