मजा आढळून आली नाही

सरकारी कामात वस्तूंचे दोनच प्रकार असतात. ज्यांच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो त्या, आणि बाकीच्या. पहिल्या प्रकाराबद्दल निर्णय घेता येतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल समिती नेमावी लागते.

मी हेमकांत, करमणूक उपकर निरीक्षक. माझ्या कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण दारावरच्या पाटीचं टेंडर अजून निघालेलं नाही, आणि पाटी नसताना नाव सांगणं अनधिकृत ठरतं. आमच्याकडे यंदा वरून एक परिपत्रक आलं. व्हिडिओ गेमच्या यंत्रांत चित्रशक्ती प्रधान की मजा प्रधान हे जागेवर जाऊन ठरवावं, असा त्यात आदेश होता. चित्रशक्ती प्रधान असेल तर ते तंत्रज्ञान; त्याला उपकर माफ, वर प्रोत्साहन. मजा प्रधान असेल तर ती करमणूक. तिला उपकर लागू, आणि नोंदणी नसल्यास यंत्र जप्त. ज्या प्रश्नावर जगभरची पोरं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली आहेत, तो प्रश्न अशा रीतीने शहाद्याच्या बाजारात निकाली काढण्यासाठी माझ्या टेबलावर आला.

चित्रशक्तीचं, म्हणजे पोरं ज्याला ग्राफिक्स म्हणतात त्याचं, सोपं होतं. तिचा आकडा खोक्यावर ठळक असतो. मजेचा आकडा मात्र कोणतीच कंपनी छापत नाही. म्हणून परिपत्रकासोबत मजेची बाह्य लक्षणं जोडली होती: दात दिसणे, मांडीवर थाप मारणे, शेजाऱ्याला कोपराने ढकलणे, समोरचा चहा निवणे. यातलं शेवटचं लक्षण कोणीतरी अनुभवी माणसाने घातलेलं असणार. आमच्या कार्यालयात तोवर कोणाचा चहा निवलेला नव्हता.

तपासणीसाठी मी कांतीलाल शेठच्या दुकानात गेलो. शेठचे आजोबा राजस्थानातून कापडाचे गठ्ठे घेऊन इकडे आले. शेठ खाली कूलर आणि मिक्सर विकतात. आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या मुलाने, रिषभने, नवी गेमिंग खोली काढली आहे. खोलीत भिंतभर टीव्ही, खाली काळं चकचकीत यंत्र आणि समोर चार पोरं बसलेली. पडद्यावर एक योद्धा नदीकाठी उभा होता.

"साहेब, जवळून बघा," रिषभ म्हणाला. "याच्या नाकावरची छिद्रं मोजता येतात."

मी पाहिलं. येत होती.

"आणि हे पाण्यावरचं ऊन. प्रत्येक लाटेची सावली वेगळी आहे."

"पण हा योद्धा करतो काय?"

"सध्या काही नाही. अपडेट चालू आहे."

"मग ही पोरं काय करताहेत?"

"बघताहेत."

प्रकाशा गावाहून आलेला एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, "आमनी तापीमा बी इतलं साफ पानी दिखत नही." बाकीच्यांनी मान डोलावली. दात कोणाचेच दिसले नाहीत. चहावाला भिला कप ठेवून गेला, आणि सगळ्यांनी चहा गरम असतानाच संपवला. मी समाधानाने शेरा लिहायला घेतला: मजा आढळून आली नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. साधंसुधं नाही, श्वास अडकून, ठसका लागून, पुन्हा सुरू होणारं. कांतीशेठचा चेहरा पडला. मी दार उघडलं.

पलीकडे शेठच्या आई हुलासबाई खाटेवर बसल्या होत्या. समोर एक जुनापुराणा टीव्ही, त्याला वायरने जोडलेला प्लॅस्टिकचा जुना गेमचा डबा. पडद्यावर एक लाल चौकोन आणि एक हिरवा चौकोन एकमेकांना खड्ड्याकडे ढकलत होते. त्या यंत्राची चित्रशक्ती म्हणजे एवढीच. आणि हुलासबाईंच्या शेजारी, पदराने डोळे पुसत, हातात बटणांचा दुसरा ठोकळा धरून, कळसाडीहून बाजाराला आलेली माझी आई बसली होती.

"मन्ही म्हैस पडनी व," ती म्हणत होती. "तुन्ही नणंद भलती द्वाड शे, हुलासबाई."

"ती तशीच शे," हुलासबाई म्हणाल्या. "मन्हा लगीनमा बी तिनी माले असंच ढकलं होतं."

मी घसा खाकरला. "माय, तू आठे?"

"बाजारले उनू होतू. भाजी लिधी, मंग जरासं बठनू."

कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी वही काढली आणि प्रमाण मराठीत विचारलं, "आपल्याला मजा येत आहे काय?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी मला ताप आला की ती असंच बघायची. "येस ना भाऊ," ती म्हणाली. "गुडघा दुखतस, तरी पायऱ्या चढीसन येस मी. उगाच का?"

हा स्पष्ट कबुलीजबाब होता. कांतीशेठने हात जोडले. "साहेब, तो डबा दुकानाचा नाही. माझ्या आईच्या खोलीतला आहे, घरचा. दुकानात मजा नाही, मी शपथेवर लिहून देतो."

"भिंत सामायिक आहे, शेठ. मजेचा आवाज व्यापारी जागेत आला."

"मग भिंतीला लावा उपकर."

"लावता येत नाही. भिंतीत लक्षणं दिसत नाहीत."

पंच म्हणून मी भिलालाच बोलावलं. पंचनाम्यात पडद्यावर काय दिसतं ते लिहावं लागतं, आणि तिथेच घोडं अडलं. हिरवा चौकोन माझ्या आईच्या मते म्हैस होता. लाल चौकोन हुलासबाईंच्या मते नणंद होता. भिला वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माले ते दोन्ही आमना गावना पुढारी वाटतस. खड्डा दोन्हीसनाच शे." यावर दोन्ही बायका पुन्हा हसल्या, आणि पंचही त्यांच्यात सामील झाला, त्यामुळे त्याची सही बाद करावी लागली. डबा मी जप्त केला. आईने भाजीची पिशवी उचलली आणि कठडा धरून जिना उतरून गेली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे घडलं.

कांतीशेठ धंद्यातला माणूस. त्यांनी गेमिंग खोलीत 'येथे हसू नये' अशी पाटी लावली आणि दात टिपण्यासाठी कॅमेरा बसवला. ज्या दोन गेममध्ये पोरं एकमेकांना कोपरं मारायची, ते रिषभने काढून टाकले. उरले ते फक्त बघण्याचे. खोलीत अशी शांतता पसरली की खालच्या दुकानात मिक्सर घ्यायला आलेला एक बाप वर डोकावला आणि उंबऱ्यातच थबकला.

"मन्हा पोऱ्या घरमा एक जागे बठत नही," तो म्हणाला. "आठे कसा बठेल शे? फी काय शे?"

तोवर फी नव्हती, तासाचं भाडं होतं. पण पालकाने स्वतःहून फी हा शब्द काढल्यावर शेठचा नाइलाज झाला. दिवाळीनंतर तिथे 'दृश्यक्षमता विकास वर्ग' सुरू झाला. गणवेश आला. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, हुशार मुलांची वेगळी बॅच. परीक्षेत झाडाच्या सावलीची कड मऊ की कडक, योद्ध्याच्या कपाळावरचा घाम ताजा की वाळलेला, असे प्रश्न येऊ लागले. एका पोराने 'खेळायचं कधी?' असं विचारलं, तेव्हा ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे असं त्याला समजावण्यात आलं. धडगावहून घाट उतरून, जीपमध्ये मांडीला मांडी लावून पोरं येऊ लागली. ज्या आया पूर्वी गेम खेळतो म्हणून पोरांना बडवत, त्याच आता गेमला दांडी मारली म्हणून बडवू लागल्या. आम्ही वर्गाला प्रोत्साहन दिलं.

इकडे जप्त डबा माझ्या टेबलावर आला. आमचे साहेब करणसिंग फार काटेकोर. ते म्हणाले, "हेमकांत, डबा जप्त केलात ते ठीक. पण मजा डब्यात होती की त्या बायकांत, हे सिद्ध कुठे झालंय? चाचणी घ्यावी लागेल."

चाचणी जेवणाच्या सुट्टीनंतर घेतली. लाल चौकोन साहेबांनी घेतला, हिरवा आमच्या रोखपालाने. पहिल्या डावात दोघेही गंभीर होते. दुसऱ्या डावात साहेबांनी शर्टाची बाही वर केली. तिसऱ्यात रोखपाल खड्ड्यात पडला, आणि करणसिंग साहेबांनी आपल्या मांडीवर, मग चुकून माझ्या मांडीवर थाप मारली. हिरवा चौकोन म्हणजे आपले विभागीय उपसंचालक आहेत असं कोणीतरी हळूच म्हटलं, आणि मग रांग लागली. चहा आला आणि निवला. साय धरली.

दाराशी धडगावचा एक माणूस दाखल्यासाठी उभा होता. त्याने तक्रार केली नाही. उलट सगळे कर्मचारी दुपारच्या वेळी कार्यालयात एकत्र सापडले, असं आपण प्रथमच पाहतोय, असं तो म्हणाला आणि बाकावर बसून खेळ बघू लागला.

संध्याकाळी साहेबांना घाम फुटला. नियमाप्रमाणे आमचं कार्यालय आता नोंदणी नसलेलं करमणूक केंद्र झालं होतं. उपकर आम्हीच आम्हाला लावायचा, न भरल्यास आम्हीच आम्हाला जप्त करायचं. साहेबांनी दार लावून घेतलं, विचार केला आणि निष्कर्ष सांगितला.

"डबा निर्दोष आहे. दोन चौकोनांत मजा कशी असेल? काही दिसतच नाही. लिहा. यंत्रात मजा नसून ती शेजारी बसलेल्या माणसामुळे उत्पन्न होते."

"म्हणजे साहेब, करमणुकीचं साधन माणूस?"

"एक माणूस नाही. एकाने काही होत नाही. दोन लागतात."

यातून कार्यालय सुटलं. पण मग बायका अडकल्या. हुलासबाई आणि निर्मलाबाई, म्हणजे माझी आई, या दोघी एकत्र आल्यास विनानोंदणी करमणूक केंद्र स्थापन होतं, असं कागदोपत्री सिद्ध झालं. आदेश निघाला: डबा परत करावा, दुसरा हातठोकळा काढून घ्यावा, आणि सदर दोन महिलांनी यापुढे एका यंत्रासमोर एकत्र बसू नये. मसुदा माझ्या अक्षरात आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आई कांतीशेठच्या दुकानाखाली उभी दिसली. भाजी घेऊन झाली होती. ती जिन्याकडे बघत होती.

"वर जाऊ का रे भाऊ? खेयत नही. नुसती बठसू."

"बसण्यालाच बंदी आहे, माय."

"बरं," ती म्हणाली. पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "कळसाडीमा मन्हासंगे कोन बोलस रे? तुन्हा बाप टीव्ही देखस. तू इकडे ऱ्हास. आठवडाना एक दिवस व्हता."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी तिला रिक्षात बसवून दिलं.

कांतीशेठ मनाने चांगले. त्यांनी हुलासबाईंच्या खोलीत भिंतभर टीव्ही आणि ते काळं यंत्र बसवून दिलं. बाई दिवसभर ती नदी बघतात. मीही मागे राहिलो नाही. आईला मोठ्या पडद्याचा फोन घेतला, दुकानातला सगळ्यात जास्त आकड्याचा, आणि दोघींना व्हिडिओ कॉल लावून दिला. वेगवेगळ्या खोल्या, वेगवेगळी यंत्रं; कायद्याला कुठेही धक्का नाही. चित्र इतकं स्वच्छ की हुलासबाईंच्या चष्म्याच्या काचेत माझी आई दिसत होती.

"दिखस का?" हुलासबाईंनी विचारलं.

"दिखस. तुले?"

"नीट दिखस."

"हां."

दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. ढकलायला कोणी नव्हतं. मग आईने फोन उलटा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. आता कॉल रोज होतो. तो असाच होतो. प्रकरण यशस्वी म्हणून वर कळवलं आहे, आणि बाकीच्या तालुक्यांनी त्याचं अनुकरण करावं असं पत्रही आलं आहे.

हा वृत्तांत माहितीपर लेखन म्हणून प्रसिद्ध करण्याची परवानगी मला मिळाली आहे. म्हणून वाचकांची तपासणी ओघाने आलीच. वाचताना आपण कुठे दात दाखवले असतील, किंवा शेजारच्याला हाक मारून 'हे ऐक' म्हटलं असेल, तर आत्ताच सांगून टाका. त्या शेजारच्याचाही पत्ता लागेल. घाबरू नका. बहुतेकांच्या बाबतीत आम्हाला काही सापडत नाही. माणूस आपल्या घरात, खोलीत आणखी दोघं-तिघं असतात, पण प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा, आणि अंगठा पुढच्या मजकुरावर सरकलेला. तसंच असेल तर आपल्याला काही भरायचं नाही. शेरा मी इथूनच लिहून ठेवतो: पडदा स्वच्छ होता, अक्षरं ठळक दिसली, शेजारी कोणाला काही कळलं नाही.